दोन किलो वजा

नगरपालिकेनं मला मोजायला पाठवलं होतं.
स्टेशन: उर्झेदु. पोर्तुगालचा ईशान्य कोपरा.
फलाट: बेचाळीस मीटर. छप्पर: अर्धं.
भिंतीवरच्या निळ्या फरशा: एकशे बारा, पैकी नऊ गायब;
द्राक्षं तुडवणाऱ्या बाईला आता
गुडघ्याखाली पाय नाहीत.
रूळ: नाहीत.

देओलिंदा फाटकवाली उंबऱ्यातून बघत होती.
फाटक गेलं, नाव तेवढं राहिलं.
"वजनकाटा लिहिलास का?
रात्रीतून ट्रक आले बघ. इंजिन नेलं, डबे नेले, घंटासुद्धा.
आम्ही उठलो तोवर धुरळाही बसला होता.
हा काही हलला नाही. बिडाचा आहे."

काटा मालाचा, पण गावात दुसरा होताच कुठे?
चेस्टनटची पोती, डुकरं,
आणि रविवारी चर्च सुटलं की दुपट्यातली बाळं.
मास्तर बाल्ताझार चष्मा कपाळावर सरकवून आकडा पुकारायचे,
अख्खा फलाट आईच्या तोंडाकडे बघायचा.

फिलोमेना पॅरिसला निघाली, लोकांची घरं पुसायला.
ट्रंक दोन किलो जास्त भरली.
तिनं तिथंच ट्रंक उघडली, कोळशाची इस्त्री काढली,
देओलिंदाच्या हातात दिली.
"अजून तीच वापरते. मागायला आलीच नाही ती."

मग आफ्रिकेतली लढाई.
पोरं नव्या गणवेशात, खिदळत, एकेक काट्यावर.
आदेरितु, देओलिंदाचा धाकटा: त्रेसष्ट.
त्या दिवशी गाडीला पाच डबे, फलाट पुरला नाही.
शेवटच्या डब्यात तो खालून, खडीतून चढला.

दीड वर्षानं पेटी आली.
आलेला माल तोलून घ्यायचा, असा नियम.
मास्तरांनी रकान्यात आडवी रेघ ओढली,
भाडं स्वतःच्या खिशातून भरलं
आणि गाडी अकरा मिनिटं उशिरा सोडली.
कारण लिहिलं नाही.

मी काट्यावर चढलो, उगाचच.
गंज झडला. एक्क्याऐंशी.
"दोन वजा कर," ती म्हणाली,
"पहिल्यापासून जास्तच दाखवतो.
सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही.
पण काटा म्हणेल तोच आकडा, असा माणूस.
बाळंतिणी खूश असायच्या."

मी लिहिलं: वजनकाटा, एक. चालू.
पुढचा रकाना, सध्याचा वापर,
भरावा की नाही या विचारात होतो,
तोवर ती घरातून
पोतं ओढत बाहेर आली.
"उतर आता," म्हणाली.