चाळणी नंबर

जालन्यात, एमआयडीसीच्या दुसऱ्या फाट्याला
आमचं बियाण्याचं युनिट.
माझं टेबल ग्रेडिंग मशिनच्या भिंतीला चिकटून,
म्हणून कॅलक्युलेटर दिवसभर किंचित थरथरतो
आणि पगारपत्रकावर बाजरीचं कूस बसतं.

पीक बदललं की चाळणी बदलायची,
हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.
मक्याची चाळणी बाजरीला लावली
तर सोमीनाथ फोरमन आईबहीण काढतो.

पण पगाराची चाळणी?
ती मुंबईत बदलते, दिल्लीत बदलते,
रात्री, पीडीएफमध्ये,
आणि इथं मी सकाळी जुनीच लावून
बेचाळीस माणसं चाळत बसतो.

सात तारीख मला पाठ आहे.
कापलेला टीडीएस सातच्या आत भरायचा,
मार्चचा तेवढा तीस एप्रिलपर्यंत.
फेब्रुवारी पाठ आहे:
महिना सगळ्यात आखूड आणि व्यवसाय कर
दोनशेचा तीनशे.
नवी पद्धत की जुनी, दर एप्रिलला
साहेब लोकांना एकेक करून विचारतो,
कारण कुणी काहीच बोललं नाही तर नवीच धरायची असते.
आमच्यात कुणीच काही बोलत नाही.

त्या साली एप्रिलपासून
पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायांना
व्यवसाय कर माफ झाला.
मला जुलैत कळलं.
तेही झंवर सीएंच्या ऑफिसात,
दुसऱ्याच कामाला गेलो होतो,
पंख्याखाली घाम वाळवत बसलो होतो,
त्यांचा पोऱ्या फोनवर भलत्याच कुणाला सांगत होता.

निवडणीच्या हॉलमध्ये अकरा बाया.
तीन महिने, दोनशे दोनशे.
सहा हजार सहाशे रुपये
मी कापले होते आणि वेळेवर भरले होते.
वेळेवर. एक दिवस उशीर नाही.
चलनं पंच करून फाईलला लावलेली,
तारखेनं, सरळ.

मालक म्हणाले, परत मागू. आले की देऊ.
मी म्हणालो, आले की?
बराच वेळ ते मोबाईल उलथापालथा करत राहिले.
मग म्हणाले, याच पगारात टाक.

पगारचिठ्ठीत नवा रकाना पाडायला गेलो:
चुकून कापलेले.
सॉफ्टवेअर म्हणालं, असा प्रकार उपलब्ध नाही.
मग पेनानं लिहिलं,
अकरा वेळा.

नसीमबी म्हणाल्या, बोनस है क्या?
कौसाबाई खरातांनी पैसे दोनदा मोजले
आणि कशाचे ते विचारलंच नाही.
अयोध्या मगरेनं कमरेची पिशवी सोडली.
आत तिन्ही महिन्यांच्या चिठ्ठ्या, चौघडी,
दोनशेच्या आकड्याभोवती
पोराच्या लाल पेन्सिलीचं गोल.

"मे मधीच कळलं व्हतं, भाऊ.
गटाच्या मिटिंगीत बँकेची म्याडम सांगू ऱ्हायली व्हती."
मग बोलली का नाहीस?
"म्हटलं, हापिसात बसता तुम्ही.
तुमाला माहीतच आसंल."

पलीकडं मशिन चालू होतं.
कॅलक्युलेटर थरथरत होता, मी नाही, असं म्हणूया.

आता पगार लावायच्या आधी
परिपत्रकं वरून खाली वाचतो.
जुन्या बियाणं-रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर
तारीख टाकून लिहितो, काही नवं नाही.
एवढं लिहायलाही सगळं वाचावं लागतं.
बजेटच्या दिवशी डबा टेबलावरच खातो, गार.
आणि मग हॉलच्या दारात उभा राहून विचारतो,
अयोध्याबाई, काही ऐकलं का?
सुपातून मान वर न करता ती म्हणते,
"तुमीच सांगा."
कधी कधी तिनं ऐकलेलं असतं.

परवा तिनंच मला थांबवलं.
"भाऊ, आमचं माफ हाये ना?
का फेबरवारीचं येगळं आसतं?"

वेगळं नसतं. मला माहीत होतं.
तरी म्हणालो, थांब,
आणि आत जाऊन
पुन्हा एकदा बघून आलो.