तिथीचा रकाना

मी वाशीमचा. नोकरी वाशीत.
एका म-चा तर फरक, आई म्हणते.
खाडी मी पहिल्यांदा पाहिली
ती पावणेआठशे किलोमीटर उंचीवरून,
आणि ती लाल होती.

कांदळवन लाल दिसतं आमच्याकडे.
पानं जो उजेड परत फेकतात
आणि माणसाच्या डोळ्याला जो कळत नाही,
तो यंत्राला कळतो.
मग आम्ही त्याला लाल देतो,
कुठला तरी रंग द्यायला हवा म्हणून.

दर पाचव्या दिवशी, अकराच्या सुमारास
तो नेरूळवरून जातो, सारसोळ्यावरून जातो,
कुणी वर बघत नाही.
दहा मीटर बाय दहा मीटरचा एक चौकोन.
त्यात पालथी होडी, वाळत घातलेलं जाळं,
थोडी झाडं, थोडा चिखल,
आणि सगळ्यांचा मिळून आकडा एक.

फेब्रुवारीत लिहिलं:
कांदळवनात घट, तीन पूर्णांक दोन हेक्टर.
साहेब म्हणाले, जागेवर जाऊन या.
आमच्या भाषेत याला भूसत्य म्हणतात.
म्हणजे तोवरचं सगळं अफवाच.

चांगुणाबाय गुडघाभर गाळात होती,
कमरेला टोपली, हात कोपरापर्यंत बिळात,
निवट्या धरत.
मी टॅबवर दोन चित्रं दाखवली, आधीचं आणि नंतरचं.
तिनं हात पदराला पुसले,
तरी बोटाचा गाळ काचेवर राहिलाच.
"यो कंच्या तिथीचा?"
मी तारीख सांगितली.
"तारीख नको. तिथ सांग."

माझ्याकडे कक्षेचा क्रमांक होता,
सूर्याचा कोन, ढगांची टक्केवारी,
सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ.
तिथी नव्हती.

मग तीच पेरांवर मोजत गेली, ओठ हलवत.
"ही अष्टमी. भांग. अकराला सुकती, झारां उघरी.
न ही अवस. उधान.
अकराला पानी तोंडाशी, ल्हान झारां बुरलेली.
गेली नाय रं ती.
न्हातान."

मी हसलो नाही. तीन पूर्णांक दोन हेक्टर
आंघोळ करत होते,
आणि मी त्यांच्या मृत्यूचा तक्ता केला होता.

"मेलेली बघाचीत? चल."
रस्त्याच्या पलीकडे नेलं.
तिथं माझ्या नकाशावर 'दाट' लिहिलेलं,
गडद लाल, निर्धास्त.
झाडांवर वेल चढला होता, शेंड्यापर्यंत हिरवागार,
आणि वेलाच्या आत एकाही फांदीला पान नव्हतं.
तिनं टाच आपटली.
आवाज आला.
गाळाला आवाज नसतो.

खाली मोरी होती, रस्त्याखालून पाणी आणणारी.
तुटक्या फरशा, सिमेंटची ढेकळं, एक कमोड
यांनी बुजलेली.
"दोन वरसां झाली. पानी येतं, मोरीशी थांबतं, मागारी जातं."

निघताना तिनं विचारलं, वरशी मी दिसते काय?
म्हटलं, नाही, चौकोन तुमच्यापेक्षा फार मोठा आहे.
"बरा हाय. नायतर माजी बिलां कलतील सगल्यांना."

परत येऊन घट खोडली, 'दाट' खोडलं,
तक्त्यात एक रकाना वाढवला: तिथी.
साहेबांनी बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, वर पाठवताना
भरती-ओहोटीची स्थिती असं काहीतरी लिहा.
लिहिलं.
माझ्या प्रतीत तिथीच आहे.

मोरीसाठी पत्र दिलं, त्याचा आवक क्रमांक आहे.
त्यानंतर तो पाच वेळा वरून गेला.

आज पौर्णिमा.
ढग शून्य टक्के.
अकरा वाजून चार मिनिटं.
पाणी आत्ता मोरीपर्यंत आलं असेल.