अनुपलब्धी

घाटंजीच्या कॉलेजात एकतीस वर्षं
मी तत्त्वज्ञान शिकवलं.
भूगोलाच्या जागा भरल्या
की उरलेलं पोरींच्या वाट्याला यायचं,
आणि उरलेलं म्हणजे मी.
बाकांवर पोरी.
भिंतीवर ओळीनं दाढीवाले,
एक बिनदाढीचा, तोही रागावलेला.

रत्नमाला कुडमेथे, राहणार पारवा,
पहिल्याच आठवड्यात उभी राहिली:
'सर, सर्व माणसं मर्त्य आहेत,
यात बाईमाणूस धरलं काय?'
वर्ग हसला. मीही हसलो.
धरलंय, म्हटलं, बस खाली.
'म्हणजे मरतानाच धरता,'
बसता बसता म्हणाली ती.
मी डस्टर शोधत होतो.

पर्वतावर धूर, म्हणून पर्वतावर अग्नी:
दरवर्षी फळ्यावर मी डोंगर काढायचो,
त्यावर तीन वेटोळी.
तिच्या ओढणीला सकाळच्या चुलीचा वास असायचा.
अनुमानाला एवढं पुरलं असतं.
मी डोंगरच काढत राहिलो.
सांख्यांवर आलो की सांगायचो,
पुरुष काही करत नाही, नुसता पाहतो.
पोरी ते वहीत उतरवून घ्यायच्या.

आमचं अभ्यास मंडळ गुरुवारी साडेपाचला.
ऊन उतरलेलं, कँटीनचे आलूबोंडे,
देठे वकील, तिरळे डॉक्टर, वाढई सर, मी.
कर्मविपाक झाला, मोक्ष झाला,
एका वर्षी तीन महिने समता चालली.
पोरींची शेवटची बस साडेचारला.
आधी लाल होती, मग मानव विकासची निळी आली,
वेळ तीच राहिली.
मनाई कोणीच केली नाही.
हे मी शपथेवर सांगू शकतो
आणि घोळ तिथंच आहे.

कारण पापाला कर्ता लागतो.
मारणारा, चोरणारा, खोटं बोलणारा.
इथं कोणाला उभं करू?
आगारप्रमुखाला? घड्याळाला?
देठे म्हणायचे, 'त्याइले आवड नसन बाप्पा.
कमी आहेत म्हणजे अन्याय झाला
हे कुठचं लॉजिक?
गॅरेजात तरी कुठं असतात बाया?'
मी मान हलवायचो.
उभी की आडवी, ते आज आठवत नाही.

निकालाच्या दिवशी ती आली,
हातात अमरावतीचा एम.ए.चा फॉर्म.
मी विचारलं, घरचे काय म्हणतात?
एकाही पोराला मी हे कधी विचारलं नव्हतं.
तिनं फॉर्मची घडी केली.
मग त्या घडीची घडी.

मीमांसक सांगतात,
जमिनीवर घडा नाही, हेही ज्ञानच.
अट एक: असता तर दिसला असता.
निवृत्तीच्या आदल्या दिवशी
मी मंडळाचं रजिस्टर चाळलं.
बाईचं नाव नाही.
गैरहजर असा शेराही नाही,
त्यासाठी आधी पटावर यावं लागतं.
एकतीस वर्षं मी ती जमीन पाहत होतो
आणि मला जमीनच दिसत होती.
घडा फुटल्याची खापरंही नाहीत,
मग खापर कोणावर फोडू?

माझी जागा भरली नाही.
प्रणोती बोंदरे येतात, तासिका तत्त्वावर.
या विषयातलं एवढं एकच तत्त्व
बाईच्या नावे निघालं.
परवा त्यांनी फोनवर विचारलं,
सर, मंडळ पुन्हा सुरू करते, वेळ कोणती ठेवू?
मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, तीन.
'तीनला माझा आर्णीला तास असतो सर.'

काल साडेचारला स्टँडवर गेलो.
कशाला गेलो ते सांगता येणार नाही.
पोरी चढत होत्या, दप्तरं आधी, मग त्या.
एकीचं पुस्तक खाली पडलं,
दुसरीनं उचलून न पाहता तिच्या काखेत खोचलं.
कंडक्टर बाईनं दारातून हात बाहेर काढला:
'काका, चढता काय,
का नुसतेच पाहून राहिले?'