एक भोक जास्त

फोटोत चौघं बसले होते.
मागं ताडपत्री ताणलेली, डोंगर दिसू नये म्हणून.
एकाच्या हातात वर्तमानपत्र, तारीख पुढं करून.
ती तारीख म्हणजे जिवंत असल्याचा दाखला.
सगळ्यांनी त्या ओलिसांचे डोळे बघितले.
नायनानं खाली अंथरलेली चादर बघितली.

साखर पेठेतल्या चहाच्या टपरीवर
कप तसाच ठेवून म्हणाला,
"हा मोर माझा आहे."

माझा बाप, इस्तारी म्याकल,
जकार्डचे पत्ते पंच करायचा.
पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सूत वर जातं,
नसेल तिथं खाली राहतं. एवढंच.
हजारो वेळा हो आणि नाही म्हटलं
की एक मोर होतो.
या मोराच्या मानेखाली एक भोक जास्त पडलं होतं
(त्या रात्री धाकटीला ताप होता)
आणि प्रत्येक चादरीत तिथं पांढरा ठिपका आला,
भाताचं शीत चिकटल्यासारखा.
शेठनं मजुरी कापली.
पत्ता बदलेपर्यंत चारशे नग बाहेर पडलेले.

जोडभावी पेठेच्या ठाण्यात हवालदार हसला नाही,
हा त्याचा मोठेपणा.
म्हणाला, "म्याकल, अख्खा देश
तुमच्याच चादरीवर झोपतोय की."

मग मी बारावीच्या इंग्रजीत वकिलातीला पत्र लिहिलं.
मोर, मान, ठिपका. खाली नायनाची सही, तेलुगूत.

दोन वर्षांनी बहीण आली, त्यातल्या एकाची.
आयला. फिनलंडची. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं, एकटी.
चौघांतला एक पळाला होता,
एक बर्फ वितळल्यावर सापडला.
उरलेल्या दोघांचं हा देश म्हणतो त्यांना विचारा,
तो देश म्हणतो यांना.
तिचा भाऊ तिथं चालायला गेला होता. नुसता चालायला.
नायनाला हे शेवटपर्यंत पटलं नाही.
कामाशिवाय एवढं कोण चालतं?

आईनं कडक भाकरी वाढली, शेंगाचटणी.
तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.
आई म्हणाली, तिखट लागलं असेल.
म्हटलं, असेल.

शेठनं जुना रोजमेळ काढला, धूळ झटकून.
ठिपक्याच्या दोन गासड्या जम्मूला गेलेल्या.
तिथल्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं,
माल एका फेरीवाल्याला उधार दिला,
तो खेचरावर लादून वर गावोगाव विकायचा.
पैसे द्यायला तो परत आला नाही.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
ही तिकडून, ज्याला सगळे स्वर्ग म्हणतात तिथून,
सूत धरून खाली आलेली,
आणि सूत आमच्या दारात संपलं.

मागांचा आवाज चालूच होता. खटक, खटक.
त्या आवाजात तिनं एकच विचारलं,
चादरीवर हात ठेवून:
ही उबदार असते का?

मी नायनाला विचारलं.
नायना बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिला.
मग तेलुगूत म्हणाला,
आपल्या थंडीपुरती असते गं. बर्फाला काय पुरणार.

मी इंग्रजीत सांगितलं,
हो.

ती जाताना नायनानं तिला तो चुकलेला पत्ता दिला.
तिनं तो उजेडाला धरला, मग पिशवीत ठेवला,
दुमडू नये अशा बेतानं.

आता नायना नाही. पत्ते रद्दीत गेले,
मोर संगणकात काढतात, चुकत नाही.
मी मात्र अजून कुठल्याही लॉजवर, लग्नघरात
कुणी चादर अंथरली की आधी मोराची मान बघते.
दोनदा सापडला ठिपका.
दुसऱ्यांदा रात्रभर ती अंगावर घेऊन बसले,
पंखा बंद करून.

एप्रिल होता. सोलापूरचा.