रपट्यावरची लाट

धरणाची चार दारं उघडली
की भोंगा तीनदा वाजतो,
मोहटोल्यातली कुत्री त्याच्या सुरात सूर लावतात
आणि अर्ध्या तासानं
जुन्या रपट्यावर लाट उभी राहते.

उभी राहते म्हणजे खरंच उभी.
पाणी तिच्यातून सुटतं वडशाच्या दिशेनं,
ती मात्र तिथंच,
फेस गळ्याशी धरून,
जिथून मी सातवीपर्यंत
चपला हातात घेऊन शाळेत जायचे.

लाल कयाक आपत्तीवाल्यांनी दिली,
सोसायटीच्या तीन सह्या घेऊन.
दोन वर्षं ती गोदामात जाळ्यांखाली पालथी पडून होती,
मांजरीनं तिच्याखाली पिलं घातली.
रतिरामकाकानं बोटानं टकटक केलं.
"आवाज तं डब्याचा येते," म्हणाला.
"याच्यात जीव कुठी हाये?"

मग आठ दिवसांसाठी मालवणचा गोविंद तांडेल आला,
आमच्या रश्शानं डोळे पुसत जेवायचा.
"आमच्याकडे लाट धावते," म्हणाला,
"पाणी जागच्या जागी डोलतं.
तुमचं सगळं उलटंच."
मी त्यावर रात्री विचार करायला बसले,
तर झोपच लागली.

पहिल्या दिवशी लाटेनं मला आडवं केलं
आणि मी अंग काढून घेतलं,
चावऱ्या कुत्र्यापासून घेतात तसं.
उलटले.
कानांत नदी, नाकात गाळ,
तोंडात शिंपल्यांची चव,
डोक्याखाली आकाश असेल असं वाटलं, तिथं नव्हतं.
वाळूवर फुलवंता आणि कौतिका मोजत होत्या.
"आठ."
"सात. मंगाचा अर्धाच व्हता."

"लाटेकडे झुका!" गोविंद काठावरून ओरडायचा.
"मार जिकडून येतोय तिकडे!"
आता हे अंगाला कोण सांगणार?
एवढी वर्षं त्याला
नेमकं उलटं शिकवलेलं.

तो गेला. सर्टिफिकेट देऊन गेला,
त्यावर अनसूया नान्हे, प्रशिक्षित.
मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

रतिरामकाका एकदा काठावर येऊन बसला,
बिडी विझेपर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"म्हशीवर बसली व्हतीस ना लहानपनी?
ते पान्यात लोराले लागली का
तिच्याच आंगावर रेलाचं.
दूर पराले गेलीस
का खाली."
आणि उठून गेला, गुडघे धरत.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
दुपारी भोंगा वाजला.
मी खालून वर चढत गेले, वल्हं मारत,
लाटेच्या कुशीत नाक घातलं,
नाक डावीकडे वळलं,
पाण्याची भिंत खांद्याशी आली
आणि मी तिच्यावर रेलले.
वल्हं तिच्या पाठीवर टेकवलं,
घरच्या जनावरावर हात ठेवावा
तसं.

कयाकच्या पोटाखालून नदी सरपटत होती
आणि मी कुठंच जात नव्हते.
काठावरचा खांब तिथंच,
त्यावरचा चौदा नंबर तिथंच, त्यावरचा बगळाही.
पुरुषभर खाली माझी शाळेची वाट.
एवढ्या आवाजात
मला माझ्या दातांचा आवाज ऐकू येत होता.
हसत होते की थंडी होती
माहीत नाही.

फुलवंता म्हणाली, अकरा आकडे झाले.
कौतिकानं पाहिलंच नाही,
ती बोंबलून एका पोराला पाण्यातून बाहेर काढत होती.

मग कुणीतरी, दूर कुठंतरी,
बटण दाबून दारं उतरवली.
लाट बसली. म्हैस बसते तशी,
आधी पुढचे गुडघे,
मग सगळं अंग एकदम.
संध्याकाळी रपट्याची काळी पाठ वर आली,
शेवाळलेली, तिच्यावर दोन झिंगे उड्या मारत.

कयाक डोक्यावर घेतली.
आतलं उरलेलं पाणी मानेवरून पाठीत उतरत राहिलं.
घोटाभर पाण्यातून
मी पलीकडे घरी निघाले,
एक हात कयाकला,
दुसऱ्यात चपला.