हातचा

अकरा दिवस.
विमा संपून अकरा दिवस झाले होते,
आणि मी, माणूस जमाखर्चाचा,
सोहार बंदरात जहाजांना कांदे, दोरखंड, साबण पुरवणाऱ्या कंपनीत
दुसऱ्यांची बिलं वेळेवर भरणारा,
स्वतःचे बावन्न रियाल
‘पगार झाला की’ म्हणत पुढे ढकलत होतो.

फलज अल् कबाइलचा गोल चौक.
समोर मावळतीचं ऊन, काचेवर धूळ.
प्रॅडो मला दिसली ती आवाज झाल्यावर.

पोलीस कोवळा होता. ओरडला नाही.
पाण्याची बाटली दिली,
मुल्कियावरच्या तारखेवर बोट ठेवलं
आणि थोडा वेळ ते तिथेच राहू दिलं.

इथल्या पैशाला दशांशापुढे तीन घरं असतात.
दार, दिवा, बंपर, मजुरी,
सालिम मामरींच्या डाव्या मनगटाचं प्लास्टर, दोन एक्स-रे:
एक हजार नऊशे चाळीस, शून्य शून्य शून्य.
खिशाला तीन भोकं पडावीत तशी ती शून्यं.
महिन्याला साठ ठरले.
फिटेपर्यंत विमानात बसायचं नाही.

घरी सांगितलं, ओव्हरटाइम बंद झालाय.
लांज्याला स्वयंपाकघरातल्या टाइल्स
ओट्यावर चार ओळी चढून थांबल्या.
वैजयंती कणीक मळता मळता बोलायची,
मागे ती रेघ दिसायची:
खाली चकचकीत, वर नुसतं सिमेंट.
तिने विचारलं नाही कधी.
फोन मात्र हळूहळू
दुसऱ्या भिंतीला टेकवायला लागली.

मी काय काय सोडलं त्याची यादी करत नाही.
यादी केली की ती माझ्या बाजूने बोलायला लागते.
एवढंच, की गाडी भंगारात दिली
आणि जिथे कुणी चालत नाही तिथे चालायला लागलो.
चालणारा दिसला की इथे लोक गाडी थांबवतात,
कुठे, म्हणून विचारतात.
एका दुपारी जी थांबली ती ओळखीची होती.
नवं दार, बाकीच्या अंगापेक्षा किंचित जास्त पांढरं.
ते दार उघडून मी आत बसलो.
सातवा हप्ता चालू होता.

दर पाच तारखेला त्यांच्या मजलिसमध्ये.
जोडे बाहेर. खजूर. नातवाच्या जुन्या वहीत माझं पान.
ते नोटा मोजतात, थुंकी न लावता, दोनदा.
माझ्या आत एक भिकारी बसलेला असायचा,
दर महिन्याला कान टवकारून:
आता म्हणतील, राहू दे.
नाही म्हणाले.
म्हणाले असते तर पुढच्या पाचला
मी कोणत्या तोंडाने आलो असतो?

कॉफीचा दल्ला डाव्या हातात धरायचा,
फिंजान उजव्याने द्यायचं, अशी इथली रीत.
पहिल्या महिन्यापासून दल्ला नातू धरतो, हैथम.
चौथीतला होता, आता मिसरूड फुटायच्या बेतात आहे.
बेरीज करताना हातचा विसरलास की
सगळं उत्तर खोटं, असं आमचे मास्तर म्हणायचे.
ते मनगट मी हिशोबात एकदाच धरलं होतं,
प्लास्टरच्या किमतीला.

बत्तीस महिने साठ. तेहतिसावा वीस.

आज त्यांनी वीसची नोट घेतली,
माझ्या पानावर आडवी रेघ मारली,
पान फाडून माझ्या हातात दिलं.
बंदरावर शिकलेल्या हिंदीत म्हणाले, ‘खलास, साटम.’
हैथम उठला तर त्याला खूण करून बसवलं
आणि दल्ला स्वतः उचलला.
मनगट थरथरलं.
चार थेंब चटईवर, बाकीची फिंजानात.

फिंजान हलवून परत दिलं
की पुरे, असा अर्थ होतो.
मी पिऊन झाल्यावर
ते तसंच पुढे केलं,
न हलवता.