सातव्या नळीचं पाणी

मॅकऑली जंक्शन. सुपीरियर सरोवराच्या वर, दोन तासांवर.
रूळ उचलून नेले त्याला एकोणतीस वर्षं झाली.
खडी आहे अजून. खडीत भूर्जाची झाडं,
मनगटाएवढी, आणि तारेवर पाटी:
आत येऊ नये.

आम्ही आत जातो.
रेजाँ ट्रक मागे घेतो, पाणसळ बघत
ड्रिलचे चारही पाय टेकवतो.
ऑक्टोबर. हातमोज्यात हातमोजा.

दोन फुटांवर राख, कोळसा, हिरव्या काचेचा तुकडा.
पाच फुटांवर वाळू, ओली, निरागस दिसणारी.
नऊ फुटांवर नळी उघडली आणि
मीटरवरचा आकडा चढत गेला, थांबेचना.
कणाकणाला इंद्रधनुष्य चिकटलेलं.
"आलं," रेजाँ म्हणाला,
पाहुणा आल्यासारखं.

इथे ते स्लीपर शिजवायचे.
हो, शिजवायचेच म्हणत: लाकूड टाकीत कोंडायचं,
वर गरम क्रिओसोट, दाब, रात्रभर.
सकाळी काढून निथळत ठेवायचं.
निथळलेलं कुठे गेलं
ते कुठल्याच वहीत नाही. मी वाचल्यात
कंपनीच्या वह्या. किती खिळे,
किती पिंपं,
साहेबाच्या चहाला किती साखर.

क्रिओसोट पाण्याहून जड.
तवंग धरून मिरवत नाही ते.
खाली जातं, चिकणमातीवर टेकतं,
मग उतार शोधत निघतं,
वर्षाला बोटभर, कधी हातभर.
कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतो आपण
संशय आला की.
मला आता कुणासमोर म्हणवत नाही.

सातवी नळी कुंपणाबाहेर,
लेम्पी कांगासच्या बटाट्याच्या वाफ्यालगत.
ती स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन येते,
एक पाय तारेने बांधलेला.
"बसू का? अडचण तर नाही?"
तिच्याच जमिनीवर, शहाऐंशीव्या वर्षी.

मी आधी शिळं पाणी उपसते, बादलीत,
आकडे स्थिरावेपर्यंत.
मग बाटल्या. काठोकाठ भरायच्या,
उलटी करून टिचकी मारायची,
बुडबुडा दिसला तर फेकायची.
एवढासा श्वासही चालत नाही.

चौथ्या बाटलीला ती उठली.
"वास घेऊ?"
मी नाही म्हणायला हवं होतं.
ती बादलीवर वाकली, डोळे मिटले.
मलाही आला: डांबराच्या गोळ्या,
जळकं लाकूड, बंद कपाट.

"आर्व्हो," ती म्हणाली.
बऱ्याच वेळाने:
"सौनात बसला की जास्तच यायचा, कातडीतून.
बावीस वर्षं ओरडले, शर्ट बाहेर काढ, बाहेर.
तो गेला त्याच आठवड्यात
सगळे दोनदा धुतले आणि चर्चला देऊन टाकले.
मूर्ख बाई."

रेजाँ एक घट्टच असलेला नट
पुन्हा घट्ट करू लागला.

"पाणी कुठलं पिता?" मी विचारलं.
"विहिरीचं. लग्न झाल्यापासून. का?"

आमच्या बर्फाच्या पेटीत एक बाटली असते,
प्रयोगशाळेतच भरलेली, शुद्ध पाण्याची.
सगळीकडे आमच्यासोबत येते, कुठेच उघडत नाही,
तशीच परत जाते. साक्षीला:
वाटेत आत काही शिरलं नाही म्हणून.
मी त्या बाटलीकडे बघत बोलले.
निकालाला तीन आठवडे. तोवर पिऊ नका.
रेजाँ संध्याकाळी कॅन आणून देईल.
ती "यो" म्हणाली, श्वास आत ओढत,
तिच्याकडचे म्हातारे म्हणतात तसं.

नमुना सात. वेळ अकरा चाळीस.
रंग फिकट पिवळा.
वास: नाही, सौम्य, तीव्र.
तीव्रवर खूण केली, सही केली,
आणि झाकण लावायला वळले तर
तिने खुर्ची बादलीजवळ ओढली होती.
"राहू दे जरा," म्हणाली.